कधी फवारलीस, अक्का?

डॉक्टरांनी विचारलं, भाजी कुणाकडून आणली होती? सिंधू म्हणाली, बाजारातली. मी तिच्या शेजारीच उभी होते. मेथी माझ्या रानातली होती, माझ्या हातानं दिलेली होती आणि आदल्याच दिवशी फवारलेली होती. मी बोलले नाही. समोर खाटेवर तिची नात सुजाता पडली होती, आठ वर्षांची. तोंडातली लाळ थांबत नव्हती, झगा घामानं भिजला होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पलीकडच्या खाटेवर सुजाताची आई कांचन ओकत होती. डॉक्टर म्हणाले, हे फवारणीच्या औषधाचं विष आहे, उपचार सुरू केलेत, पण कोणतं औषध ते कळलं तर बरं होईल. ते नाव मला पाठ होतं. बाटली आमच्या गोठ्यातल्या फळीवर होती. तरी मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. मग सिंधूनं माझं मनगट धरलं आणि मला बाहेरच्या बाकड्याकडं नेलं. तिलाही गरगरत होतं, चालताना भिंत धरत होती. हळूच म्हणाली, "अक्का, बाटलीवरचं नाव तेवढं सांग. बाकीचं काय बी सांगू नगं." मी आत गेले आणि नाव सांगितलं. तुम्हाला कसं माहीत, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, आमच्याकडं सगळे हेच मारतात. ते खोटं नव्हतं... पण जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिंधू पाच आठवड्यांपूर्वी गेली, बारामतीत मुलाच्या घरी, सकाळचा चहा पिता पिता, हृदय बंद पडून. त्या मेथीशी तिच्या मरणाचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणतात. मी दोनदा विचारून घेतलं.

तिच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत काहीतरी यावं असं अनघा मॅडमच्या मनात होतं. मॅडम बारामतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, त्यांचं पुढं येईलच. मी म्हणाले, मी चौथी शिकलेली बाई. त्या म्हणाल्या, तरी तुम्हीच लिहा, तीस वर्षं तुम्ही तिच्या शेजारी बसलात. मी म्हणाले, लिहिते, पण मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं लिहिणार नाही. आणि स्वतःला सोडून लिहिता येणार नाही.

सिंधू इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची, मी पणदऱ्याची. ती दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी एसटीनं भाजीची गाठोडी घेऊन बारामतीला यायची, आधी भावाकडं आणि पुढं मुलगा नोकरीला लागल्यावर मुलाकडं मुक्काम करायची, आणि सकाळी बाजारात माझ्या डाव्या हाताला बसायची. पहिल्यांदा बसली तेव्हा आमचं भांडण झालं. त्या जागेवर मी माझ्या रिकाम्या टोपल्या ठेवायचे. मी म्हणाले, ही जागा तुझ्या बापाची आहे का? ती पोतं अंथरत म्हणाली, "न्हाय. तुज्या बी न्हाय. नगरपालिकेची हाय, पावती दोघींनी फाडलीया." मी टोपल्या उचलल्या.

ती बौद्ध, आम्ही मराठा. पहिली दोन वर्षं मी तिच्याकडची वांगी घरी नेत होते, पण तिच्या तांब्यातलं पाणी पीत नव्हते. नळ लांब होता, उन्हात तोंड कोरडं पडायचं, तरी मी ओळीतल्या दुसऱ्या बाईकडं पाणी मागायचे. सिंधूला ते दिसत होतं. एकदा वांगी तराजूत घालता घालता ती म्हणाली, "अक्का, माज्या हिरीचं पाणी वांग्यात घालून दिलं की तुला चालतंय. तांब्यातनं दिलं की बाटतंय व्हय?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मी रागानं तांब्या उचलला आणि तिथंच पिऊन रिकामा केला. हे लिहिताना लाज वाटते. ती असती तर म्हणाली असती, लाज वाटती त्येच आधी लिही.

ती काही देवमाणूस नव्हती. मिश्री लावायची, चिकट होती, कोथिंबिरीची काडी फुकट द्यायची नाही. गिऱ्हाइकानं टोमॅटो दाबून बघितला की म्हणायची, दाबायचं असंल तर घरी जाऊन उशी दाब. सुनेशी तिचं चार दिवस पटायचं नि तीन दिवस पटायचं नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती, जी आमच्या ओळीत दुसऱ्या कुणात नव्हती. भाजीवर औषध मारलं की बाटलीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे जाऊ द्यायची आणि मगच काढणी करायची. मेथी फुलावर आली तरी चालेल. फुलावर आलेली मेथी कोण घेतं? मग ती उपटून बांधावर टाकायची, शेळ्यांनाही घालायची नाही. आणि ढगाळ हवेमुळं कधी थोडं आधी काढावं लागलंच, तर गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायची की ही घेऊ नका, अजून दोन दिवस आहेत, वांगी घ्या. बायका तिला म्हणायच्या, सिंधे, भाजी इकायला आलीस का गिऱ्हाईक माघारी धाडायला? ती म्हणायची, "माघारी कुठं, तुज्याकडं धाडतीया. कमिशन दे." आणि ते खरंच होतं. तिच्यापुढून उठलेलं गिऱ्हाईक उजवीकडं सरकून माझ्यापुढं बसायचं. मी कधी कुणाला सांगितलं नाही की माझी मेथीही कालच फवारलेली आहे. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं, झाले की आठ दिवस. ते उत्तर इतकं तोंडात बसलं होतं की ते देताना मला खोटं बोलतेय असं वाटायचंही नाही.

आमच्या ओळीत एक रीत आहे. बाजार उठताना उरलेला माल कुणी आपला आपण घरी नेत नाही, अदलाबदल करतात. माझ्या चार जुड्या तुला, तुझी वांगी मला. त्याच त्याच भाजीचा कंटाळा येतो म्हणून ही रीत पडली असणार. मी अदलाबदल नेहमी सिंधूबरोबर करायचे. दुसऱ्या बायकांची भाजी कशी निघते ते मला माहीत होतं, कारण माझीही तशीच निघायची. सिंधूची माझ्या घरी पोरांच्या ताटात जायची. माझी तिच्या पोरांच्या ताटात जायची. चोवीस वर्षं हे चाललं आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे काय चाललंय... आलं नाही म्हणजे मी येऊ दिलं नाही.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडं विहिरीजवळ एक वाफा घरचा म्हणून असायचा. त्याला औषध नाही. पानं भोकं पडलेली, पण घरात तीच खायची. बाकीचं रान बाजाराचं. हे मी शोधून काढलेलं नाही, माझी सासूही असंच करायची, आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत असा वाफा आहे. हंगामातली पहिली जुडी मी गावच्या मारुतीपुढं ठेवायचे, तीही घरच्या वाफ्यातली. एकदा मी हे सिंधूला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती मिश्री लावत होती. बोट दातावर तसंच ठेवून म्हणाली, "देवाला घरच्या वाफ्यातली का गं?"

मी म्हणाले, देवाला चांगलं द्यावं.

"म्हंजी बाजाराची चांगली न्हाय, ह्ये तुला ठावं हाय."

मी तिच्याशी दोन बाजार बोलले नाही. तिसऱ्या बाजाराला तिनंच सुट्टे मागितले आणि बोलणं सुरू झालं. पण त्या वर्षापासून मारुतीपुढं जुडी ठेवताना माझा हात घाई करायला लागला.

हे तिच्या डोक्यात विहारातून आलं होतं. पावसाळ्यात विहारात भंतेजींचं वाचन चालायचं. पाच गोष्टींचा व्यापार करू नये, असं तिनं तिथं ऐकलं. हत्यारं, जिवंत प्राणी, मांस, दारू आणि विष. मला वाटायचं, विषाचा व्यापार म्हणजे औषधाचा दुकानदार, आपला काय संबंध. सिंधू म्हणायची, बाटलीतनं इकलं काय आन् पानावरनं इकलं काय, इख त्ये इखच. मी तिला एकदा कोंडीत पकडलं. म्हणाले, पाचात जिवंत प्राणी आहेत ना, मग तू बोकड कसं विकतेस? तिच्याकडं शेळ्या होत्या, बोकड मोठं झालं की खाटकाला जायचं. ती वांग्यांचा ढीग पुन्हा रचायला लागली. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाली, "त्ये मला जमंना, अक्का. एक जमतंय, त्ये धरलंय." पुढं ती बोकडांबद्दल कधी फुशारकीनं बोलली नाही, आणि मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

अनघा मॅडम बाजारात आल्या त्याला सात वर्षं झाली. बरोबर कॉलेजच्या चार मुली होत्या. त्या आमच्या ओळीतल्या एकेका बाईला बाजूला घेऊन तेच तीन प्रश्न विचारत होत्या. भाजी कालच फवारलेली असेल तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगाल का? अनोळखी गिऱ्हाइकाला सांगाल का? मार्केट यार्डात व्यापाऱ्याला घालताना सांगाल का? मी खरं ते सांगितलं. ओळखीच्या माणसाला सांगेन, अनोळखी माणसानं विचारलं तर बघेन, आणि यार्डात कोण विचारतंय, तो माल पुण्याला जातो. बहुतेक बायकांचं असंच होतं. सिंधूनं तिन्हीला एकच उत्तर दिलं. व्यापाऱ्याला सांगून काय उपयोग, तो तर खाणार नाही, असं मॅडमनी मुद्दाम विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "पुण्यात खाणाऱ्याचं तोंड मला दिसत न्हाय. म्हणून त्याला तोंड नसतंय व्हय?" मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

नंतर मॅडमनी आम्हा सगळ्यांना शाळेच्या पाट्या दिल्या. भाजीपुढं ठेवायच्या, वर खडूनं फवारणीची तारीख लिहायची, एवढंच. खरी लिहा की खोटी लिहा, त्या तपासणार नव्हत्या. पहिल्या बाजाराला बऱ्याच जणींनी खरी लिहिली. मीही लिहिली. तिसऱ्या बाजारापर्यंत पाट्या उलट्या झाल्या, काहींच्या बुडाखाली गेल्या. आम्ही लबाड आहोत म्हणूनच हे झालं असं नाही. गिऱ्हाईकच पाटी वाचत नव्हतं. बँकेतली एक बाई नेहमी यायची, ती सिंधूच्या पाटीकडं पाठ करून उभी राहायची आणि माझ्याकडं मेथी मागायची. मॅडमनी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, वाचलं तर घेता येत नाही, आणि घरी भाजी तर करायचीच आहे. त्या बाईला मी अजून भाजी देते. तिचं बोलणं मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, बघा, आम्हीच एकट्या नाही.

शेवटी मॅडमनी आम्हाला चहा पाजला आणि काय कळलं ते समजावून सांगितलं. माणूस समोर असला की त्याचं वाईट करायला आपला हात धजत नाही. मधे बाजार आला की प्रत्येकाला वाटतं, मी नाही विकली तर दुसरी विकेल, मग माझ्या एकटीनं काय होणार. आणि म्हणाल्या, एखादं पुण्यकर्म केलं की माणसाच्या मनाला वाटतं आपलं खातं भरलं, मग पुढचं वाईट करायला ते मोकळं होतं. मला मारुतीची जुडी आठवली. मी म्हणाले, मॅडम, एवढ्यासाठी तुम्ही सहा महिने उन्हात हिंडलात, हे मला सिंधूनं दातावरचं बोट न काढता सांगितलं होतं. सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि त्याच आठवड्यात, पुढच्या बाजाराला तीन दिवस असताना, मेथीवर औषध मारलं. कळणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं. मॅडमच्या वहीत हे होतं की नाही मला माहीत नाही. पाट्यांपैकी फक्त सिंधूची पाटी उरली. ती दर बाजाराला पुसायची आणि दर बाजाराला लिहायची, कुणी वाचो न वाचो.

आता त्या दिवसाचं. आठवडाभर आभाळ होतं आणि मेथीवर माव्याची कीड पडली होती. पणदऱ्यातही आणि वरकुट्यातही. सिंधूनं औषध मारलं आणि त्या बाजाराला मेथी आणलीच नाही, वांगी आणि शेवगा घेऊन आली. मी बाजाराच्या आदल्या दिवशी मारलं आणि मेथी आणली. ते आत मुरणारं औषध होतं, धुतल्यानं जात नाही. दुपारी बाजार उठताना सिंधू म्हणाली, आज सुजाताचा वाढदिवस आहे, तू घरी जेवायला चल. पोरीला मेथीचा घोळाणा आवडतो. घोळाणा म्हणजे कच्ची मेथी चिरून त्यात शेंगदाण्याचं कूट, कांदा, तेल, मीठ घालतात तो. तिच्याकडं त्या दिवशी मेथी नव्हती. तिनं माझ्या टोपलीतल्या दोन जुड्या उचलल्या आणि विचारलं, "कधी फवारलीस, अक्का?"

"झालं की आठ दिस," मी म्हणाले.

चोवीस वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. तोपर्यंत ती माझ्याकडून नेहमी न विचारताच घ्यायची, आणि त्या दिवशीही संशयानं विचारलं नसावं, सवयीनं विचारलं असेल, पाटी लिहायच्या सवयीनं. मीही सवयीनंच उत्तर दिलं. दोन जुड्या पिशवीत गेल्या, आम्ही दोघी चालत तिच्या मुलाच्या घरी गेलो. मुलगा कामावर होता. कांचननं मेथी धुतली, चिरली. मेथी कुणाची ते तिनं विचारलं नाही, सासू बाजारातून घेऊन येते तेवढं तिला माहीत. चार ताटं झाली. मी बसले. घोळाण्याचं भांडं माझ्याकडं आलं तेव्हा मी म्हणाले, दात दुखतोय, कच्चं नको. दात दुखत नव्हता. मी काही ठरवून बोलले नाही, तोंडातून तसं आलं. माझ्या मनाला जे मी सांगितलं नव्हतं ते माझ्या हाताला ठाऊक होतं. सुजातानं दोनदा वाढून घेतलं. मी समोर बसून बघत होते.

पुढचं वर लिहिलं आहे. सुजाता चौथ्या दिवशी घरी आली. कांचन दुसऱ्याच दिवशी उठली. सिंधूनं कमी खाल्लं होतं, तिला गरगरण्यापलीकडं फार झालं नाही. मुलानं तिला विचारलं, मेथी कुणाकडून घेतलीस? ती म्हणाली, ध्यानात न्हाय. आमच्या ओळीत तो एकेकीला विचारत फिरला, मलाही त्यानं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

मला वाटलं होतं, सिंधू आता दुसरीकडं बसेल. पुढच्या बाजाराला ती आली आणि माझ्या डाव्या हातालाच पोतं अंथरलं. पाटी पुसली, तारीख लिहिली. मग माझ्याकडं वळली आणि गिऱ्हाइकं उभी असताना मोठ्यानं म्हणाली, "कधी फवारलीस, अक्का?" माझ्या पुढ्यात तीन बायका होत्या. मी म्हणाले, चार दिवस झाले. खरंच चार झाले होते. त्या बायका एकमेकींकडं बघून निघून गेल्या. त्यानंतर सहा वर्षं, प्रत्येक बाजाराला, टोपली मांडली की तिनं हे विचारलं. कधी रागानं नाही, कधी हसून नाही. पावसाळ्यात छत्री उघडता उघडता, उन्हाळ्यात पदर डोक्यावर ओढता ओढता. तिला खोटं सांगायला मला पुन्हा जमलं नाही. आणि लोकांपुढं खरं सांगावं लागतं म्हणून मला घरी दिवस मोजावे लागायला लागले. मी तिचा फार राग केला. बऱ्याच वेळा वाटलं, त्यापेक्षा तिनं चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर एकदाच सुटले असते. तिनं मला वाचवलं की मला शिक्षा दिली, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

मी घरचा वाफा मोडला. जे विकते तेच खाते. पण माझ्या मुलानं गोठ्यामागं नवा वाफा केला, त्याच्या पोरांसाठी. मी त्याला म्हणाले, हे बरं नाही. तो म्हणाला, आई, सगळा बाजार सुधारल्यावर मीही सुधारेन. मी नातवंडांच्या ताटातली ती भाजी काढून घेत नाही. हेही लिहून ठेवते.

या वर्षी सिंधूला धाप लागायला लागली आणि ती बाजारात यायची थांबली. मी दोनदा घरी जाऊन भेटले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. ती गॅलरीत खुर्चीवर बसून शेंगा फोडत होती. थोडा वेळ शेजाऱ्यांच्या म्हशीबद्दल बोलली. मग म्हणाली, मी रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही असं त्यात येतं, तिथं आलं की माझी जीभ अडते. मी तिच्या सुपातली एक शेंग फोडली. "पोराला एकदाच खोटं बोलले मी, अक्का. तुज्यापायी. सुजाताला तू सांगशील का मी सांगू?" मी म्हणाले, मी सांगते. ती म्हणाली, मी हाय तवर सांग. मी बरं म्हणाले. त्यानंतर पाच बाजार गेले. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या वेळी... सहाव्या बाजाराला टोपली मांडत होते तेव्हा कांचनचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या मागच्या कार्याला, विहारात बरीच माणसं आली होती. एकेक जण उठून बोलत होता, सिंधूबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. मी मागं बसून ऐकत होते. कांचननं मला हात केला, मावशी, तुम्हीही दोन शब्द बोला. मी उभी राहिले. शंभरेक डोळे माझ्याकडं होते. मी म्हणाले, तिनं मला तिच्या तांब्यातलं पाणी पाजलं. एवढंच म्हणून बसले. लोकांना ते आवडलं, काहींनी डोळे पुसले. ते बघून मला स्वतःची किळस आली.

त्याच्या पुढच्या बाजाराला सुजाता आली. चौदा वर्षांची झाली आहे, उंचीनं आईच्या वर. ती मला पणदऱ्याची आजी म्हणते. पिशवीतून पाटी काढून म्हणाली, आजीची पाटी तुमच्याकडं द्यायला सांगितलं होतं आजीनं. मी पाटीला हात लावला नाही. तिला माझ्या पोत्यावर बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. जुड्या, आठ दिवस, दात, डॉक्टर. गिऱ्हाईक आलं त्याला मी परत पाठवलं. ती ऐकत होती, पाटी मांडीवर धरून.

"आजीला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"व्हय. दवाखान्यातच कळलं तिला."

"आणि तुम्ही जेवताना बघत होता."

मी म्हणाले, "व्हय."

ती उठली. पाटी थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. मी म्हणाले, न्यायची असेल तर ने. तिनं पाटी माझ्या टोपलीला टेकवून ठेवली आणि गेली. येते म्हणाली नाही. त्यानंतर ती आली नाही. हे लिहायच्या आधी मी कांचनला फोन केला, तिला ते सुजाताकडून कळलं होतं. मी म्हणाले, हे मी छापायला देणार आहे, तुमची नावं घालू का? ती म्हणाली, घाला. आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाही. तिचं बरोबर आहे.

पाटीवर सिंधूनं लिहिलेली शेवटची तारीख होती. कांचनच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, ते अक्षर तसंच ठेवा, काच बसवून घ्या. मी ओल्या फडक्यानं पुसलं. पाटी लिहायला असते. आता प्रत्येक बाजाराला मी ती पुढं ठेवते आणि तारीख लिहिते. चार बाजार झाले. त्यातल्या एका बाजाराला मी खोटी लिहिली, दोन दिवस मागची. कुणी वाचली नाही, कुणाला कळलं नाही, आणि डाव्या हाताची जागा रिकामी होती, तिथून कुणी काही विचारलं नाही. तासाभरानं मी ती पुसून खरी लिहिली. तोवर सहा जुड्या गेल्या होत्या. कुणाच्या घरी गेल्या ते मला माहीत नाही.

त्या दिवशी घोळाणा तिघींनी खाल्ला. सुजाता वाचली. कांचन वाचली. सिंधूही वाचली आणि पुढं सहा वर्षं जगली. चौथं ताट माझं होतं. मी खाल्ला नव्हता. मीही आहे.